पट्टा-करवतीचे पाते

पट्टा-करवतीचे पाते म्हणजे दोन चाकांवरून अखंड फिरणारे, एका कडेला दात असलेले पोलादी पट्टीचे कडे होय. ओंडके चिरण्यासाठी ते वापरतात. वखारीत या करवतीला 'बँडसॉ' असेच म्हणतात.

पात्याची निवड इंजिनाच्या अश्वशक्तीनुसार करावी लागते. जाड पाते रुंद खाच पाडते, भुसा वाढवते व शक्तीही अधिक खाते. लहान यंत्रास सुमारे १ मिमी जाड व ३२ मिमी रुंद पाते पुरते. जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावी, असा संकेत आहे. अन्यथा सतत वाकून पात्याला तडे जातात. शक्ती कमी असल्यास विरळ दात सोयीचे, कारण एका वेळी थोडेच दात लाकडात असतात. सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते परिसरात आढळणाऱ्या बाभूळ, चिंच अशा कठीण लाकडासाठी दाताचा पुढे झुकलेला कोन साधारण ४ ते ७ अंश, तर मऊ लाकडासाठी १० अंश किंवा अधिक ठेवतात.

धार लावताना दातांमधील खोबणीची गोलाई राखणे सर्वांत महत्त्वाचे. कोपरा राहिल्यास तेथूनच चीर सुरू होते. दगड दाबून धरल्यास दात तापून निळा पडतो व पोलाद बिघडते. त्यानंतर दात आलटून-पालटून डावी-उजवीकडे सुमारे अर्धा मिमी वाकवतात.

सालीतील माती-वाळूने धार लवकर जाते, म्हणून साल आधी काढणे हिताचे. बोथट पात्याने फळी लाटेसारखी निघते. इंजिन कमी पडते असे वाटून चालक ओंडका रेटतो आणि पाते तुटून इजा होण्याचा धोका वाढतो.