मूत्रपिंडाचा कर्करोग पुरुषांना अधिक का? सव्वाशे वर्षे न जुळलेले दोन धागे

१/ मूत्रपिंडाचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांना जवळजवळ दुप्पट प्रमाणात होतो. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ४ लाख ३१ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांत पुरुष सुमारे २ लाख ७१ हजार आणि स्त्रिया १ लाख ६० हजार. देश बदलला, दशक बदलले, तरी हे गुणोत्तर फारसे हलत नाही. धूम्रपान, स्थूलता आणि उच्च रक्तदाब यांमुळे या रोगाचा धोका वाढतो, हे ज्ञात आहे. परंतु त्यांचा हिशेब मांडूनही ही तफावत पुरती उलगडत नाही.

२/ वैद्यकाने उत्तराचा शोध दोन दिशांनी घेतला. एक दिशा संप्रेरकांची, दुसरी रोगप्रतिकाराची. या दोहोंचा परस्परसंबंध सुचवणारा पहिला पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हाती आला होता. तरीही कर्करोगाच्या संशोधनात त्या दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी चालत राहिल्या.

३/ १८९८. इटालियन संशोधक काल्झोलारी यांनी लहान वयातच वृषण काढलेल्या सशांची तपासणी केली. छातीतील थायमस ही ग्रंथी वयात येताना आक्रसत जाते. या सशांत मात्र ती नेहमीपेक्षा मोठी आढळली. वृषण आणि थायमस यांचे काही नाते असावे, असे त्यांनी मांडले. पण थायमस शरीरात नेमके काय करते, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. निरीक्षण अचूक होते. त्याचा अर्थ लावणारे शास्त्र अजून जन्मायचे होते.

४/ तो अर्थ ६३ वर्षांनी लागला. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतील थायमस काढून टाकली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती कोलमडली. रोगप्रतिकारातील ज्या पेशींना आज टी पेशी म्हणतात, त्या याच ग्रंथीत परिपक्व होतात, हे पुढे स्पष्ट झाले. सशांवरील त्या जुन्या प्रयोगाचा आशय आता वेगळाच भासू लागला : नर संप्रेरक प्रतिकारशक्तीच्या उगमस्थानावरच परिणाम करीत होते.

५/ दरम्यान कर्करोगाचे अभ्यासक एका निराळ्या प्राण्याकडे वळले होते. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेत हॅडली कर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर सोनेरी हॅमस्टरांना दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिले आणि त्यांच्या मूत्रपिंडांत गाठी निर्माण झाल्या. प्रोजेस्टेरॉनमुळे त्या गाठींना आळा बसत असे. मूत्रपिंडाचा कर्करोग संप्रेरकांच्या अधीन असावा, ही कल्पना येथून बळावली.

६/ गंमत अशी की माणसांत हा रोग पुरुषांना अधिक, आणि प्रयोगात तो घडवला स्त्री-संप्रेरकाने. ही विसंगती बाजूला ठेवून १९६० च्या दशकात लंडनच्या एच. जे. जी. ब्लूम यांनी रुग्णांना प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधे देण्यास आरंभ केला. प्रारंभीचे निष्कर्ष आशादायक होते. पुढील काळात मात्र फारच थोड्या रुग्णांना लाभ झाल्याचे दिसले. तरीही दुसरा चांगला उपाय नसल्याने ही औषधे अनेक वर्षे दिली जात राहिली.

७/ दुसरा धागा शल्यविशारदांच्या एका दुर्मीळ अनुभवातून आला. कर्करोगग्रस्त मूत्रपिंड काढल्यावर क्वचित एखाद्या रुग्णाच्या फुफ्फुसात पसरलेल्या गाठी आपोआप विरून जात. शरीर स्वतःच या रोगाशी लढत असावे, असा तर्क त्यातून निघाला. १९८५ मध्ये स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या चमूने इंटरल्यूकिन-२ वर आधारित उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये अमेरिकेने पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठी त्या औषधाला मान्यता दिली. दुष्परिणाम भयंकर होते. पण मोजके रुग्ण दीर्घकाळ रोगमुक्त राहिले.

८/ १९९९ मध्ये दोन्ही विचारधारा प्रत्यक्ष समोरासमोर आल्या. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत काही रुग्णांना प्रतिकारशक्ती चेतवणारे इंटरफेरॉन दिले गेले, तर काहींना ब्लूम यांच्या परंपरेतील संप्रेरक-औषध. आयुर्मानाचा मध्यक अनुक्रमे साडेआठ आणि सहा महिने आला. प्रतिकाराचा पक्ष जिंकला. संप्रेरकांचे पर्व संपले, आणि त्याबरोबर स्त्री-पुरुष भेदाचा प्रश्नही मागे पडला.

९/ तो मागे पडण्याला आणखी एक कारण होते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणाक्षम स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. प्राणघातक रोगांना त्यातून सूट होती. तथापि पुरुषदेह हाच प्रमाण मानण्याची सवय संशोधनात मुरली होती. १९९३ मध्ये हे धोरण बदलले. प्राण्यांवरील प्रयोगांत लिंग हा घटक विचारात घेण्याची अपेक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तर २०१६ पासून लागू केली.

१०/ एव्हाना जनुकशास्त्रानेही या प्रश्नात प्रवेश केला होता. स्त्रीच्या पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्येच मांडले होते. त्या निष्क्रियतेतून काही जनुके निसटतात आणि दोन्ही प्रतींतून कार्यरत राहतात. केडीएम५सी हे त्यांपैकीच एक. मूत्रपिंडाच्या कर्करोगात ते बिघडलेले आढळते, हे २०१० मध्ये दिसले. अशी सहा कर्करोगरोधक जनुके २०१७ च्या एका अभ्यासाने दाखवली. स्त्रीजवळ अशा जनुकाची राखीव प्रत असते, पुरुषाजवळ एकच.

११/ २०१५ च्या अखेरीस निव्होलुमॅब हे टी पेशींवरील 'ब्रेक' सैल करणारे औषध या रोगासाठी मान्य झाले. मग प्रश्न उभा राहिला : अशा औषधांचा लाभ दोघांना सारखाच होतो का? २०१८ मध्ये निरनिराळ्या कर्करोगांवरील २० चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने सांगितले, पुरुषांना अधिक. २०१९ मध्ये २३ चाचण्यांच्या दुसऱ्या विश्लेषणाने सांगितले, लक्षणीय फरक नाही. पहिल्या विश्लेषणातील ११,३५१ रुग्णांत स्त्रिया केवळ एकतृतीयांश होत्या. ज्यांची संख्याच अपुरी, त्यांच्याविषयीचा निष्कर्ष डळमळीत राहणारच.

१२/ २०२२ मध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या कर्करोगांवरील स्वतंत्र अभ्यासांनी दोन्ही धागे अखेर एकत्र आणले. नर संप्रेरक थेट टी पेशींवर काम करतात आणि त्यांची मारकशक्ती मंदावतात, असे त्यांत दिसून आले. उंदरांमध्ये हा प्रभाव रोखल्यावर प्रतिकार-औषधे अधिक परिणामकारक ठरली. मूत्रपिंडाच्या कर्करोगात या यंत्रणेचा वाटा किती, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. परंतु आता तो प्रश्न नीट विचारता येतो.

१३/ या इतिहासात तथ्ये दडवलेली कोणी नव्हती. ससे, हॅमस्टर, रुग्णसंख्येचे तक्ते, सारे छापील होते. संप्रेरकांचे अभ्यासक प्रतिकाराकडे पाहत नव्हते, प्रतिकाराचे अभ्यासक लिंगभेदाकडे. त्याची किंमत दोघांनीही मोजली : स्त्रियांना मुख्यतः पुरुषांवर पारखलेले उपचार मिळाले, आणि पुरुषांच्या दुप्पट धोक्याचे मूळ शोधायला शतक उलटावे लागले.