ऱ्हुमॅटिक: पाणी की वारा?

मुलाचा घसा दुखून बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप भरतो, गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो, मग मनगट. हा ऱ्हुमॅटिक फीवर. मराठीत संधिवाताचा ताप.

ग्रीकमध्ये 'ऱ्हुमा' म्हणजे प्रवाह. त्यामागचे 'ऱ्हेओ' (वाहणे) हे क्रियापद आणि संस्कृतचा 'स्रु' धातू एकाच मुळाचे. तेव्हा 'स्राव' आणि 'स्रोत' हे ऱ्हुमॅटिकचे चुलत भाऊ, आणि डायरियाही त्याच भावकीतला. डोक्यातला कफ झिरपून अंगभर उतरतो, अशी जुनी समजूत. त्यामुळे एके काळी सर्दीपडसेही 'ऱ्हुमा'च होते. पॅरिसचे वैद्य गियोम द बायू यांनी ऱ्हुमॅटिझम हा शब्द सांध्यांच्या आजाराला लावला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६४२ मध्ये छापला गेला.

आपल्याकडे पाण्याच्या जागी वारा आला. 'वात' हा 'वा' धातूचा. माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. आम म्हणजे कच्चे, न पचलेले. 'आमांश'मधला आम तोच. आमवात आणि ऱ्हुमॅटिक फीवर एकच, असे म्हणता येणार नाही. पण न पचलेला आम वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, ही कल्पना ग्रीकांच्या कल्पनेला समांतर आहे. मराठीत तर पाणीही वाहते आणि वाराही.

आज कफ गेला, आमही गेला. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा येतो, त्यांच्याविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते, हे कारण आता माहीत आहे. तरी दुखणे जागा बदलते, हे जुन्यांनी अचूक टिपले होते.

दोन्ही नावांत हृदय मात्र कुठेच नाही. लंडनचे विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१२ मध्ये 'हृदयाचा ऱ्हुमॅटिझम' असा शब्दप्रयोग करून लेख लिहिला, तेव्हा ते शीर्षकात आले. सांधे सहसा काही आठवड्यांत पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा, विशेषतः मायट्रल, कायमच्या आकसू शकतात किंवा गळू लागतात. गळत्या झडपेतून रक्त खरोखरच उलटे वाहते. वैद्यांनी सांध्यांत कल्पिलेला प्रवाह असा हृदयात प्रत्यक्ष सापडतो.

म्हणूनच ताप आणि सूज गेल्यावरही दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. 'संधिवात' या नावावर विसंबलेल्या आईबापांना हे पटवणे सोपे नसते: सांधे तर केव्हाच बरे झालेले असतात.