हळदीच्या दोन परीक्षा

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ या क्रमांकाचे पेटंट रद्दबातल ठरवले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे हे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने भारतीय ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणासाठी भारताने दिलेला तो एक महत्त्वाचा लढा होता आणि त्याचा आनंद देशभर झाला.

त्या लढ्यात सिद्ध झाली ती एकच गोष्ट : हळदीचा हा उपयोग जुना आहे. तिचा गुण किती, कोणत्या आजारात आणि किती मात्रेत, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे आलाच नव्हता. तो रुग्णालयांत विचारला जायचा होता. पुढच्या वीस वर्षांत तो ज्या आजारांच्या संदर्भात काटेकोरपणे विचारला गेला, त्यांपैकी एक म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह.

दाहक आंत्ररोग, म्हणजेच आयबीडी, हे प्रामुख्याने दोन आजारांचे सामाईक नाव आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते, व्रण पडतात आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. सॅम्युअल विल्क्स या इंग्रज वैद्याने १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले. क्रोन्स डिसीजमध्ये दाह आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो आणि पचनमार्गात कोठेही उद्भवू शकतो. न्यूयॉर्कचे बरिल क्रोन आणि त्यांचे सहकारी यांनी १९३२ मध्ये तो जगापुढे मांडला. भारतात हे आजार दीर्घकाळ पाश्चात्त्यांचे मानले गेले. रक्ताचे जुलाब दिसले की अमीबाचा संशय आणि लहान आतड्यात व्रण दिसले की क्षयाचा, असा येथील अनुभव होता. लुधियानाच्या वैद्यांनी पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दर लाख लोकांमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे दिसले. परका समजला गेलेला आजार घरातच होता.

या आजारांचा एक स्वभाव उपचारांच्या इतिहासाला वळण देणारा ठरला. ते भरती-ओहोटीसारखे वागतात. काही आठवडे रुग्ण हैराण असतो, मग आजार शमतो, कधी औषधाने, कधी आपोआप. त्या उताराच्या आधी रुग्णाने जे घेतलेले असते, त्याला श्रेय मिळते. काढा, ताक, उपवास, मंत्रवलेले पाणी किंवा एखादी महाग गोळी, कोणीही या श्रेयाचा धनी होऊ शकतो. ‘मला गुण आला’ हे रुग्णाचे म्हणणे खोटे नसते. त्याचे कारण मात्र त्या म्हणण्यातून कळत नाही.

आधुनिक औषधालाही या चाळणीतून जावे लागले. स्वीडनमध्ये नन्ना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी सल्फासालाझीन वापरायला घेतले आणि कोलायटिसमध्ये त्याचा उपयोग होतो हे त्यांच्या लक्षात आले. १९४०च्या दशकापासून ते रूढ झाले. त्यात दोन घटक जोडलेले होते. गुण कोणाचा, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डला उलगडले. आज बांगलादेशातील नामवंत वैद्य असलेले ए. के. आझाद खान आणि सिडनी ट्रूलव्ह यांनी दोन्ही घटक एनिमाद्वारे वेगवेगळे देऊन पाहिले. उपयोगी ठरला तो ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल हा भाग, म्हणजे आजचे मेसालामीन. विलो वृक्षाच्या सालीतून ज्या सॅलिसिलेट कुळाची ओळख झाली, त्याच कुळातले हे संयुग. नैसर्गिक आणि रासायनिक यांच्यातली भिंत वाटते तेवढी पक्की नसते.

हळदीचे पेटंट रद्द झाले त्याच वर्षी जम्मूच्या संशोधकांनी सालई वृक्षाच्या डिंकाचा, म्हणजे सालई गुग्गुळाचा, अभ्यास प्रसिद्ध केला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना दिवसातून तीन वेळा ३५० मिलिग्रॅम डिंक सहा आठवडे देण्यात आला. ८२ टक्के रुग्णांचा आजार शमला. सल्फासालाझीन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७५ टक्के होते. निष्कर्ष उमेद वाढवणारा होता. परंतु चाचणी छोटी होती आणि निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, घेणारा गट तिच्यात नव्हता. पुढे जर्मनीत २२ केंद्रांवर क्रोन्सच्या ८२ रुग्णांवर ५२ आठवड्यांची दुहेरी अंध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सालई घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्ण वर्षभर बरे राहिले आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के. फरक दिसेना म्हणून चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. आजार वेगळा असल्याने जम्मूचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. तो अपुरा आहे, एवढे मात्र स्पष्ट होते.

हळदीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तिचे पिवळे द्रव्य, करक्यूमिन, १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना कळली. प्रयोगशाळेत ते दाह घडवणाऱ्या रेणूंना आवर घालताना दिसते. मात्र पोटात घेतल्यावर ते रक्तात फारसे उतरत नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये असे आढळले की, सोबत मिऱ्यातील पायपरीन दिल्यास त्याची रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. आतड्याच्या आजारात हा दोष कदाचित गुणही ठरू शकेल, कारण जे शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते.

२००६ मध्ये जपानमधील चाचणीचे निष्कर्ष आले. अल्सरेटिव्ह कोलायटिस शमलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज दोन ग्रॅम करक्यूमिन किंवा प्लासिबो दिला गेला. सहा महिन्यांत करक्यूमिन गटातील ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, तर प्लासिबो गटातील ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ मध्ये इस्रायल, हाँगकाँग आणि सायप्रसमधील ५० रुग्णांच्या चाचणीत मेसालामीनच्या जोडीला रोज तीन ग्रॅम करक्यूमिन देण्यात आले. महिन्याभरात २६ पैकी १४ जणांचा आजार शमला, प्लासिबो गटातील २४ जणांपैकी एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ६२ रुग्णांना आठ आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम करक्यूमिन किंवा प्लासिबो देऊन पाहण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या मात्रेचा प्लासिबोपेक्षा अधिक उपयोग होत नाही. फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना तीन ग्रॅम देऊनही आजार परतण्याचे थांबले नाही, हे २०२० मध्ये कळले.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. हळदीच्या पुडीत करक्यूमिन वजनाच्या सुमारे तीन टक्के असते. चहाचा एक चमचा हळद, म्हणजे अंदाजे तीन ग्रॅम, घेतल्यास नव्वद मिलिग्रॅम करक्यूमिन पोटात जाते. एम्समध्ये निरुपयोगी ठरलेल्या मात्रेसाठी असे पाच चमचे लागतील. २०१५ च्या चाचणीतील मात्रेसाठी रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. हळदीचे दूध आणि चाचणीतले करक्यूमिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीच्या नावावर दुसरीचे यश मांडता येत नाही.

मात्रा वाढली की धोक्याचा विचारही आला. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधन जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित दहा रुग्णांची माहिती दिली. त्यांतील एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा विशिष्ट जनुकीय प्रकार होता. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीशी या गोष्टीची तुलना होऊ शकत नाही, परंतु ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य येथे टिकत नाही.

आहाराकडेही भारतीय संशोधक याच शिस्तीने वळले आहेत. एम्सच्या २०२२ मधील चाचणीत निरोगी दात्यांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीवांचे रोपण आणि दाहशामक आहार यांची जोडी केवळ प्रमाणित औषधोपचारापेक्षा सरस ठरली. आठ आठवड्यांनी ६० टक्के रुग्णांचा आजार शमला होता, तर दुसऱ्या गटात ३२.३ टक्के रुग्णांचा. उपचारपद्धती अपारंपरिक होती, कसोटी मात्र नेहमीचीच.

जपानी चाचणीतील एक आकडा पुन्हा पाहण्याजोगा आहे. प्लासिबो घेणाऱ्या ३९ पैकी ३१ जण सहा महिने ठीकच राहिले. त्यांपैकी कोणाला ती गोळी हळदीची आहे असे सांगितले असते, तर त्याने आयुष्यभर हळदीचे गुण गायिले असते आणि कदाचित नेहमीचे औषध बंदही केले असते. खरा धोका तेथे आहे. करक्यूमिनच्या ज्या चाचण्या यशस्वी झाल्या, त्या दोन्हींत ते नेहमीच्या औषधाच्या जोडीला होते. औषध सोडलेल्या रुग्णाचा दाह वेदनेवाचून धुमसत राहू शकतो, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या दाहातून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संभव वाढतो.

पेटंट कार्यालयातली परीक्षा एकदाच द्यायची होती आणि हळद तीत उत्तीर्ण झाली. दुसरी परीक्षा प्रत्येक आजारासाठी, प्रत्येक मात्रेसाठी नव्याने द्यावी लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ती अर्धी सुटली आहे, क्रोन्समध्ये अद्याप नाही. तोवर रुग्ण जे काही घेत असेल, मग ते घरचे असो वा दुकानातले, ते त्याच्या वैद्याला ठाऊक असणे आणि चालू औषध चालूच राहणे, एवढे तरी या इतिहासातून निश्चित घेता येते.