मुलांना स्वयंपाकाचे धडे देताना

भातुकलीत रमणाऱ्या मुलांना खऱ्या स्वयंपाकघरात मात्र ‘इथे लुडबुड नको’ असे ऐकावे लागते. वास्तविक स्वयंपाक येणे मुलगा व मुलगी दोघांनाही आवश्यक आहे. तो वयानुरूप, टप्प्याटप्प्याने शिकवणे इष्ट ठरते.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, कणीक मळणे अशी विस्तवाविना होणारी कामे द्यावीत. आठ-नऊ वर्षांची मुले भेळ, लिंबू सरबत स्वतः करू शकतात. केकसाठी पाव वाटी, अर्धी वाटी मोजताना अपूर्णांक समजतात. ढोकळ्याच्या पिठातील आंबटपणा व खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊन पीठ फुलते, हे विज्ञानही उमगते.

शेगडीची पाळी सर्वांत शेवटी, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली. कपडे सुती व अंगाबरोबर असावेत. कुकरची वाफ पूर्ण जिरल्याविना झाकण उघडू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. वास येताच विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात व घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे, हे मुलांना पाठ असावे. भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट वा हळद लावू नये. भाजणे गंभीर असल्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

पहिली पोळी नकाशासारखी झाली तरी ती घरच्यांनी आवडीने खावी. दुसरी पोळी लाटण्याचा उत्साह त्यातूनच येतो.