तुकडा कुणाचा, जोड कुणाची? विणलेल्या जेलीफिशला विचारायचे प्रश्न

क्रोशाची सुई, थोडा सुती दोरा आणि तासभर वेळ. एवढ्यात तळहातावर मावेल अशी जेलीफिश विणून होते. मग ती बाळाच्या दुपट्यावर किंवा कापडी पिशवीवर टाके घालून लावायची. असा वेगळा विणून नंतर कापडावर लावलेला तुकडा म्हणजे ॲप्लीक. तुम्ही म्हणाल, यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने बघण्यासारखं काय आहे?

पीएच.डी.चा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा मोठ्या गोष्टींकडे धावतो: चळवळ, कायदा, संस्था. आज उलट करून बघू. एक लहान वस्तू घेऊ आणि तिला एकच प्रश्न विचारू. काम जेव्हा सुट्या तुकड्यांत होतं आणि जोडणारा वेगळा असतो, तेव्हा इतिहासात नाव कुणाचं राहतं?

आधी वस्तू वाचा

जेलीफिशची छत्री म्हणजे अर्धं वर्तुळ. मुक्या खांबांनी विणताना पहिल्या ओळीत 3 टाके, मग 6, मग 9, मग 12. प्रत्येक ओळीत 3 वाढवत गेलं की तुकडा सपाट राहतो. पूर्ण गोल हवा असेल तर हाच हिशोब 6, 12, 18, 24 असा चालतो. वाढ कमी केली की कडा आत वळतात आणि वाटी तयार होते. वाढ जास्त केली की कडेला चुण्या पडतात. छत्रीखालची झालर अशीच येते. शुंडा करायच्या तर लांब साखळी घालायची आणि परतताना प्रत्येक साखळीत दोन-तीन मुके खांब भरायचे. साखळी आपोआप पिळदार होते.

म्हणजे वस्तूचा आकार हा टाक्यांच्या संख्येचा नियम आहे. विणलेला तुकडा हातात असेल तर टाके मोजून तो नियम परत काढता येतो. लिहिलेली कृती हरवली असली तरी चालतं. वस्तू स्वतःच साधन आहे, असं आपण वर्गात ऐकतो ते हेच.

लिहिलेली कृती मिळाली तरी ती जपून वाचावी लागते. ब्रिटिश पुस्तकात ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच अमेरिकन पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. आपल्याकडे तो मुका खांब. पुस्तक कुठलं हे न बघता कृती करायला घेतली तर वेगळीच वस्तू हातात येते. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही.

कागदावर काय सापडतं

क्रोशे फार प्राचीन आहे, असं सहज लिहिलं जातं. पण लिस पालुदान या डॅनिश संशोधिकेने युरोपातली साधनं बारकाईने तपासली, तेव्हा 1800 च्या आधीचा ठाम पुरावा तिला मिळाला नाही. छापील कृतींमध्ये सगळ्यात जुनी म्हणून ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकातल्या 1823 च्या कृतींचा उल्लेख होतो. 1840 नंतर लंडनमध्ये कृतींची पुस्तकं धडाधड निघू लागली. त्यात ठळक नाव एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर हिचं. तिने कितीतरी पुस्तिका काढल्या आणि आयरिश क्रोशे लेस आपणच शोधली, असा दावाही केला.

इथे जरा थांबा. तिचा दावा आपल्यापर्यंत पोचला, कारण तिच्या हातात छापखाना होता. आता ज्यांच्या हातात फक्त सुई होती त्यांच्याकडे जाऊ.

आयर्लंड: दुष्काळातली लेस

1845 मध्ये आयर्लंडमधल्या बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. घरात पैसा यावा म्हणून ननांच्या मठांनी आणि जमीनदार, पाद्री यांच्या घरातल्या स्त्रियांनी क्रोशे शिकवायला सुरुवात केली. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात 1847 मध्ये रेक्टरची पत्नी कॅसांड्रा हँड हिने हे काम सुरू केलं. नमुना होता व्हेनिसची महागडी सुईची लेस. ती करायला खूप वेळ लागतो. क्रोशाने तिच्यासारखं दिसणारं काम त्या मानाने फार लवकर होतं, आणि भांडवल म्हणजे एक सुई आणि दोरा.

ही लेस सलग विणत नाहीत. गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक, द्राक्षाचं पान असे तुकडे आधी सुटे विणतात. ते कापडावर उलटे टाचून मांडतात आणि मधली जागा जाळी विणून भरतात. शेवटी खालचं कापड काढून टाकतात. आपल्या जेलीफिशची ही चुलत बहीणच म्हणा: ॲप्लीकमध्ये कापड राहतं, इथे ते जातं.

या पद्धतीमुळे काम वाटून घेता येतं. एक घर फक्त गुलाब करतं, दुसरं पान करतं आणि जोडणारी तिसरीच असते. एखादा नमुना त्या घराची मिळकत असल्यामुळे तो शेजाऱ्यांपासून लपवूनही ठेवत. आता संग्रहालयात जाऊन बघा. पाटीवर गावाचं नाव असतं, शतक असतं, कधी देणगीदाराचं नाव असतं. गुलाब करणारीचं नाव बहुधा नसतं. कॅसांड्रा हँड आपल्याला माहीत आहे. तिच्याकडे शिकलेल्या बायका मात्र एका शब्दात उरल्या: ‘कामकरी’.

नरसापूर: घरबसल्या केलेलं काम

मिशनऱ्यांनी हीच विद्या एकोणिसाव्या शतकात आंध्रच्या गोदावरी भागात आणली. नरसापूरच्या आसपास लेसचा मोठा घरगुती धंदा उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस हिने तिथे प्रत्यक्ष राहून अभ्यास केला आणि 1982 मध्ये त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. तिला तिथेही हीच रचना दिसली: काही बायका फक्त फुलं विणतात, दुसऱ्या ती जोडतात, आणि माल परदेशी पाठवणारे व्यापारी पुरुष असतात.

मीसचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो पद्धतीचा आहे. या बायका दिवसातले कित्येक तास परदेशी बाजारासाठी विणत होत्या, पण त्यांची ओळख ‘गृहिणी’ अशी होती आणि विणकाम हा ‘फावल्या वेळेतला उद्योग’ समजला जात होता. काम असं नावच दिलं नाही, तर मजुरी कमी देता येते. आणि मोजणीतही ते दिसत नाही. तुम्ही उद्या जनगणनेचे तक्ते उघडून बसलात आणि ‘कामगार’ हा रकाना वाचलात, तर या बायका त्यात सापडतीलच असं नाही. रकान्यात जे नाही ते घडलंच नाही, असं धरून चालणं हा संशोधनातला मोठा धोका आहे.

समुद्राकडे परत

आता झालर आठवा. प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेलं तर काय होतं? सपाट गोलात सहाव्या ओळीत 36 टाके असतात. पण दर ओळीत संख्या दुप्पट केली तर 6, 12, 24, 48, 96 करत सहाव्या ओळीत 192 होतात. जागा मावत नाही आणि कापड लाटांसारखं उसळतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना या लाटवियन गणितज्ञ स्त्रीने याच युक्तीने हायपरबोलिक भूमितीचं हातात धरता येईल असं मॉडेल विणलं. आधीची कागदी मॉडेल्स फाटायची, हे टिकलं.

पोवळी, समुद्री गोगलगायी, शेवाळं यांच्या चुणीदार कडांमध्ये हीच भूमिती दिसते. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी हे हेरलं आणि 2005 मध्ये क्रोशाचा प्रवाळखडक विणायला घेतला. तापणाऱ्या समुद्रात पांढरी पडत चाललेली पोवळी हे त्यामागचं कारण. पुढे अनेक शहरांत लोकांनी आपापले खडक विणले. जर्मनीत बाडेन-बाडेनमध्ये 2022 च्या प्रदर्शनासाठी सुमारे 4,000 लोकांनी जवळजवळ 40,000 तुकडे विणून पाठवले.

पुन्हा तेच: तुकडे अनेकांचे, जोड दुसऱ्याची. फरक एवढाच की इथे विणणाऱ्यांची नावं नोंदवायची असं आधीच ठरलेलं आहे. तरी कलाकृतीवर आधी नाव दोन बहिणींचंच येतं. हे योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण हा वाद घालता येतो, कारण यादी आहे. क्लोन्सच्या गुलाबांबद्दल तो घालायलाही साधन उरलेलं नाही.

तुमच्या आराखड्यासाठी

तुमचा विषय लेस नसेल. गोधडी असेल, विडी असेल, पापड असेल किंवा छापखान्यातली बांधणी असेल. तरी हे प्रश्न लागू पडतात. ही वस्तू किती तुकड्यांत झाली? प्रत्येक तुकडा कुणी केला? जोड कुणी दिली? विकली कुणी? आणि कागद यातल्या नेमक्या कुणी लिहिला? उत्तरं एका तक्त्यात मांडा. ज्या रकान्यांपुढे नाव मिळत नाही ते खोडू नका, रिकामेच ठेवा. मार्गदर्शकांनी विचारलं की तुमचा संशोधनप्रश्न काय, तर बहुतेक वेळा तो त्या रिकाम्या रकान्यातच असतो.

आणखी एक काम आजच करता येईल. घरात आजीने किंवा काकूने विणलेला क्रोशाचा रुमाल किंवा तोरण असेल तर ते बाहेर काढा. टाके मोजा, कृती उतरवून घ्या. कुणाकडून शिकली, दोरा कुठून आणायची, विकलं का कधी, हे तिलाच विचारा. आणि वहीच्या पानावर सगळ्यात वर तिचं पूर्ण नाव आणि तारीख लिहा.