लॉजिस्टिक्स डेटा बँक

लॉजिस्टिक्स डेटा बँक किंवा एलडीबी ही भारतातील आयात-निर्यात कंटेनरांच्या हालचालींचा मागोवा ठेवणारी संगणकीय प्रणाली आहे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ मध्ये तिचा प्रारंभ झाला. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिका प्रकल्पाची यंत्रणा आणि जपानची एनईसी ही कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमातून ती उभी राहिली. २०१७ मध्ये गुजरातमधील काही बंदरांत तिचा विस्तार झाला.

पार्श्वभूमी

२६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झालेल्या या बंदरात वेगवेगळ्या कंपन्यांचे टर्मिनल आहेत. जहाजातून उतरलेला कंटेनर टर्मिनल, सीमाशुल्क विभाग, ट्रक किंवा रेल्वे आणि कंटेनर फ्रेट स्टेशन अशा अनेकांच्या हातून जातो. प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असल्याने माल रखडल्यास विलंब नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे सांगणे अवघड होते. थांबलेल्या कंटेनराचे वाढीव शुल्क मात्र व्यापाऱ्याला भरावे लागते.

कार्यपद्धती

कंटेनराला आरएफआयडी टॅग लावला जातो. बंदराची प्रवेशद्वारे, पथकर नाके, कंटेनर फ्रेट स्टेशन आणि अंतर्देशीय कंटेनर आगारे येथे बसवलेली वाचकयंत्रे तो टॅग रेडिओलहरींद्वारे वाचतात. कंटेनर क्रमांक दिल्यास संकेतस्थळावर त्याचा प्रवास पाहता येतो.

संदर्भाची जोड

टॅगमधील क्रमांक एकटा असताना निरर्थक असतो. तो कंटेनराच्या क्रमांकाशी जोडल्यावरच उपयोगी पडतो. आयएसओ ६३४६ या मानकानुसार कंटेनर क्रमांकात चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळणी अंक असतो. वाचनाचे ठिकाण, वेळ आणि आयात की निर्यात हा तपशील जोडला गेला, म्हणजे सुट्या नोंदींचा सलग प्रवास तयार होतो. त्यावरून कंटेनर कोणत्या टप्प्यावर किती काळ थांबला, हे काढता येते.

सॉफ्टवेअरमधील समांतर संकल्पना

वितरित सॉफ्टवेअर प्रणालींतही हेच तत्त्व वापरले जाते. तेथे एकच विनंती अनेक संगणकांवरील सेवांमधून जाते. गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’ या अंतर्गत मागोवा प्रणालीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. डब्ल्यूथ्रीसीचे ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ हे मानक फेब्रुवारी २०२० मध्ये शिफारस म्हणून स्वीकारले गेले. त्यानुसार प्रत्येक विनंतीसोबत एक ओळखक्रमांक पुढे पाठवला जातो. एखाद्या सेवेतील कामाच्या नोंदीला ‘स्पॅन’ म्हणतात. त्यावर ग्राहकाचा प्रकार, प्रदेश किंवा आवृत्ती असे संदर्भ जोडता येतात. ते पुढील सेवांना हवे असल्यास ‘बॅगेज’ म्हणून सोबत पाठवले जातात. मधल्या एका सेवेने ओळखक्रमांक पुढे दिला नाही, तर साखळी तिथेच तुटते.

मर्यादा

वाचकयंत्र केवळ कंटेनर तेथून गेल्याची नोंद करते. दोन यंत्रांमधील अंतरात काय घडले, हे त्यातून कळत नाही. टॅग चुकीच्या कंटेनर क्रमांकाशी जोडला गेल्यास पुढील सर्व वाचने अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. शिवाय थांबण्याचा काळ कळला, तरी थांबण्याचे कारण त्यातून सांगता येत नाही. सॉफ्टवेअरच्या मागोव्यालाही याच मर्यादा लागू होतात. तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते : बॅगेजमधील माहिती बाहेरच्या सेवांपर्यंतही पोहोचू शकते, म्हणून त्यात वैयक्तिक किंवा गोपनीय तपशील ठेवणे टाळले जाते.