देशमुख

देशमुख : मराठी मुलखातला परगण्याचा वंशपरंपरागत वतनदार, आज आडनाव. ‘देश’ म्हणजे इथे राष्ट्र नव्हे, काही गावांचा मिळून झालेला परगणा. ‘मुख’ म्हणजे त्याचा म्होरक्या. गावाला पाटील-कुळकर्णी, तसे परगण्याला देशमुख-देशपांडे. वसुली आणि बंदोबस्त देशमुखाकडे, दप्तर देशपांड्याकडे. मोबदला म्हणून इनाम जमीन, वसुलीतला हक्क आणि मानपान. कोकणात याच जागी देसाई भेटतो.

मध्ययुगीन जर्मनीतले ‘लांटग्राफ’ हे पद अर्थाने याच्या अगदी जवळचे. लांट म्हणजे मुलूख, ग्राफ म्हणजे राजाचा अंमलदार. थुरिंगियाच्या लुडविगला हे पद ११३१ साली मिळाले. लांटग्राफ थेट राजाला बांधलेला असे. देशमुखाचे तसे नव्हते. दरबार बदलला की तो सनद नवी करून घेई. वतन मात्र त्याच घरात राही. त्यामुळे प्रत्येक सत्तेला तो हवाही असे आणि सलतही असे. सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, निजामशाहीचे मातब्बर सरदार होते. १६२९ साली संभाजीनगरजवळच्या दौलताबाद किल्ल्यात, दरबारात बोलावून त्यांना मुलांनातवासह ठार केले गेले.

या पदाची सर्वांत मोठी झेप सरदेशमुखीत दिसते. शिवाजी महाराजांनी सरदेशमुख या नात्याने दक्षिणेच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मागितला. परगण्याच्या वतनी भाषेत मांडलेला हा राज्याचाच दावा होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून त्याच्या सनदा आणल्या. त्यातल्या सहा सुभ्यांपैकी एक औरंगाबादचा.

मराठवाड्यात वतनाचा कणा मोडला तो हैदराबादच्या निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी. १८६०च्या दशकात त्यांनी जिल्हे पाडून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. देशमुखाला ‘रुसूम’ ही रोख रक्कम तेवढी उरली. मुंबई राज्यात परगणा वतने १९५०च्या कायद्याने गेली.

जर्मनीने १९१९च्या राज्यघटनेत सरदारी हक्क रद्द केले आणि किताब नावाचा भाग म्हणून राहू दिले. आपल्याकडे तेच रूढीने घडले. म्हणून ‘देशमुख’ वरून जात ओळखू पाहणे चूक आहे : हे आडनाव मराठ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे, मुसलमानांतही आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखी वतनामुळे ते देशमुख झाले.